मथळ्यातले उकार गायब होतायत! सीएसएस जाणणाऱ्यांनी मदत करा

ताणाबाणा, वडगाव-बेळगाव
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं वडगावात विणकामाचं घर. एकेकाळी सहा माग होते, आता दोन राहिलेत. ते बाबा आणि काका मिळून चालवतात. साडी दुकानदाराच्या हातात द्यायची आणि पैशासाठी तीन-तीन महिने त्याच्या पायरीवर बसायचं, याला कंटाळून मी आमचं स्वतःचं वेबपान करायला घेतलंय. बी.कॉम. झालोय, कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण नाही. व्हिडिओ बघून एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारे नियम) शिकुलोय. एक फुकटचं इंग्रजी टेम्पलेट (तयार साचा) उतरवलं आणि त्यात आमचा मजकूर भरला. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत.

इंग्रजी झकास दिसतंय. मराठीत मोठ्या मथळ्यांचे उकार कापले जातायत. लिहिलंय "शुद्ध सुती साड्या", दिसतंय "शद्ध सती साड्या". वरच्या वेलांट्याही टकल्या झाल्यात. कन्नडमध्ये अक्षराखाली येणारी जोडाक्षरं अर्धी उडालीत. बाबांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आपण सती साड्या कधीपासून विणायला लागलो रे?"

तर हे उकार परत कसे आणू? आणि जाता जाता, साड्यांची मांडणी टेबलात करू की ग्रिडमध्ये? दोन्ही शिकून झालंय, खरं कुठं काय वापरायचं ते कळेना.

मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोडचे शब्दही देवनागरीतच लिहीन. कुणी चिकटवून बघू नका, चालणार नाही.

कुंदाप्रेमी
शनिवार, रात्री ९:४८

सती साड्या! कुंदा घशात अडकला की ओ.

निपाणीकर_७
शनिवार, रात्री ९:५५

धागाकर्त्याचं नाव ताणाबाणा, त्यामुळे धागा लांबणार हे नक्की. चिरमुरे-शेव घेऊन बसलोय.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
शनिवार, रात्री ११:२०

आजार ओळखीचा आहे. टेम्पलेटवाल्याने मथळ्याच्या डब्याला ठरावीक उंची दिलेली असणार आणि सोबत 'ओव्हरफ्लो: हिडन'. डब्याबाहेर जे गेलं ते कापलं. इंग्रजी अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं, एखाददुसऱ्याला शेपूट असते तेवढीच. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, वेलांटी, अनुस्वार असा सगळा बाजार भरतो आणि पायात परत उकार. उंची काढून टाक, द्यायचीच असेल तर 'मिन-हाइट' दे, म्हणजे डबा वाढू शकेल.

दुसरं, 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) बघ. इंग्रजी मथळ्यांना १ किंवा त्याहून कमी द्यायची फॅशन आहे, ओळी घट्ट दिसाव्यात म्हणून. मराठी मजकुराला १.७ च्या आसपास दे, मथळ्याला निदान १.४. आकड्यापुढे पिक्सेल लिहू नकोस, नुसता आकडा लिही. मग अक्षर मोठं झालं की ओळही त्याच हिशेबाने मोठी होते.

मी कारखान्यात सीएनसी मशीनवर बसतो. टॉलरन्स (मापात चालणारी सूट) घट्ट दिला की काय होतं ते रोज बघतोय.

पुणेरी_पाहुणा
रविवार, सकाळी ८:०५

इतका व्याप कशाला? एखादं तयार फ्रेमवर्क (आयत्या नियमांचा संच) घ्या, पाच मिनिटांत पान उभं राहतं. बहुधा फॉन्टचा दोष असावा. आणि तुमच्या प्रत्येक नियमापुढे 'इम्पॉर्टंट' लावून बघा, टेम्पलेटचे नियम आपोआप दबतील.

अवांतर: 'शिकुलोय' म्हणजे काय हो?

कुंदाप्रेमी
रविवार, सकाळी ८:११

शिकतोय. बेळगावात आठ दिवस राहा, तुम्हीपण 'जेवुलोय' म्हणायला लागाल.

निपाणीकर_७
रविवार, सकाळी ८:४०

पुणेकर, इम्पॉर्टंट सगळ्यांनाच लावलं तर ती मंडळाची मीटिंग होते. सगळेच अध्यक्ष, वर्गणी मागायला कोणी नाही.

खरा हिशेब सोपा आहे. टॅग (घटकाचा प्रकार) यापेक्षा क्लास (गटाचं नाव) वजनदार, क्लासपेक्षा आयडी (एकट्याचं नाव) वजनदार. वजन सारखं असलं तर जो नियम नंतर लिहिलाय तो जिंकतो. टेम्पलेटचा नियम मोडायचा असेल तर त्याच्याच तोलाचा सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) घे आणि आपली सीएसएस फाइल त्यांच्या फाइलीनंतर जोड. इम्पॉर्टंटवर इम्पॉर्टंट चढवत गेलास तर दिवाळीपर्यंत तुझं पान तुलाच ऐकणार नाही. माझा अनुभव. तंबाखूच्या एका वखारीसाठी हिशेबाचं पान केलं होतं, शेवटी नवीन फाइल उघडून पहिल्यापासून लिहिलं.

ताणाबाणा
रविवार, सकाळी ११:१५

उद्यमबाग दादा, उंची पण होती आणि ओव्हरफ्लो पण. दोन्ही काढलं. लाइन-हाइट 'बॉडी'ला, म्हणजे अख्ख्या पानाला, १.७ दिली. मजकूर एकदम मोकळा झाला, आईलाही आवडला.

मथळ्यात मात्र गंमत झालीय. टेम्पलेटने मथळ्याला बारीक करडी सावली दिलीय. आता त्या सावलीत उकार पूर्ण दिसतोय आणि अक्षराला मात्र उकार नाही! पानभर नुसत्या उकारांच्या सावल्या लोंबकळतायत. बाबा म्हणाले, "भुताला सावली नसते एवढं ऐकून होतो. हितं सावलीच आहे, माणूस नाही."

कुंदाप्रेमी
रविवार, सकाळी ११:१७

बाबांना सभासद करून घ्या.

चिकोडीच्या_बाई
रविवार, दुपारी २:३०

मी शाळेत मराठी शिकवते आणि शाळेचं पान मीच सांभाळते, तेही दोन्ही लिप्यांत. उकाराचं नंतर बघू, आधी एक विचारते. तुझ्या पानाच्या पहिल्या टॅगमध्ये 'लँग' (पानाची भाषा) काय लिहिलंय? टेम्पलेट इंग्रजी, म्हणजे 'ईएन' असणार. मराठी पानावर तिथे 'एमआर' हवं आणि कन्नड पानावर 'केएन'. ही ओळ डोळ्यांना दिसत नाही म्हणून सगळे विसरतात. पण दृष्टिहीन माणसाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं ते यावरून ठरवतं.

दुसरं कारण माझ्या जिव्हाळ्याचं. आपण शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतो. हिंदी वळणाचा ल दांडीचा असतो, श वेगळा असतो. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मात्र मराठी ल आणि हिंदी ल असे दोन संकेतांक नाहीत, एकच आहे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात तो फॉन्ट 'लँग' बघून ठरवतो की कोणता ल काढायचा. तू 'एचआय', म्हणजे हिंदी, लिहिलंस किंवा काहीच लिहिलं नाहीस तर मराठी पानावर हिंदी ल येतो आणि पोरं मला विचारतात, बाई, तुमचा ल चुकलाय काय?

एकदा लँग लिहिलं की सीएसएसमध्ये ':लँग' सिलेक्टरने भाषेप्रमाणे नियम देता येतात. मराठीला वरची जागा जास्त लागते, कारण वेलांट्या वर. कन्नडला खालची जास्त लागते, कारण ओत्तक्षर (अक्षराखालचं जोडाक्षर) खाली उतरतं. एकाच आकड्यात दोघांना कोंबू नकोस.

आणि 'लेटर-स्पेसिंग' (अक्षरांमधलं अंतर) शून्य कर. इंग्रजी मथळ्यांना ती हमखास दिलेली असते. देवनागरीत तिने शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. टेम्पलेटात कॅपिटल अक्षरांचा नियम असेल तर राहू दे, आपल्याकडे कॅपिटल नाहीत, तो गप्प बसतो. तिरकी अक्षरं तेवढी बंद कर. देवनागरीत तिरकं नसतंच, ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून तिरकं करतो. भर द्यायचा तर ठळक कर.

फॉन्टचं म्हणशील तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट काढणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' सुंदर आहे, पण त्या कुटुंबात कन्नड नाही. त्यांचाच 'अनेक' घे. त्यात देवनागरी, कन्नड, इंग्रजी सगळं एकाच वळणाचं आहे आणि जाडी-रुंदी दोन्ही कमीजास्त करता येते. मराठी आणि कन्नड पान शेजारी ठेवलं तरी एकाच घरचं वाटतं.

खडेबाजार_काका
रविवार, दुपारी ४:१०

बाईंचं सगळं मान्य, एक दुरुस्ती. देवनागरीत तिरकं नसतंच असं नाही. 'टिरो देवनागरी मराठी' फॉन्टला मुद्दाम काढलेलं तिरकं वळण आहे. पण गंमत म्हणजे त्यात ठळक नाही! मथळा मुळातच ठळक असतो, म्हणून ब्राउझर त्याला कृत्रिम जाडी चढवतो आणि अक्षरांची पोटं बुजतात. तो फॉन्ट घेतलात तर मथळ्याला 'फॉन्ट-वेट: नॉर्मल' सांगायला विसरू नका.

आता म्हातारपणाचा अधिकार वापरून जरा लांबण लावतो. माझं खडेबाजारात डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी करण्याचं) दुकान होतं. लग्नपत्रिका मराठी, कन्नड, कोकणी, सगळ्या. २००१ मध्ये शेजारी दोन कॉम्प्युटरचं सायबर कॅफे काढलं आणि पोरांच्या नादाने वेबपानं करायला लागलो. युनिकोड आमच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. मराठी वर्तमानपत्राचं पान उघडायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, नाहीतर नुसत्या चिमण्यांचे पाय. सगळी मांडणी टेबलात. टेबलात टेबल, त्यात अजून एक टेबल आणि जागा सोडायला एका पिक्सेलचं अदृश्य चित्र. रंग द्यायला 'फॉन्ट' टॅग, प्रत्येक ओळीला वेगळा. गिऱ्हाईक म्हणालं की लाल नको, मरून करा, की सगळी रात्र त्यात जायची. आणि वर सरकती पट्टी: "आपले सहर्ष स्वागत असो".

सीएसएस तेव्हाही होतं बरं का. हाकोन व्हियुम ली नावाच्या नॉर्वेच्या माणसाने १९९४ मध्ये ते मांडलं, १९९६ च्या डिसेंबरात पहिली आवृत्ती मान्य झाली. पण ब्राउझर ते धड पाळत नव्हते, एकात बरोबर दिसलं की दुसऱ्यात मोडायचं. ग्रिड तर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत २०१७ च्या मार्चमध्ये आलं, तेव्हा माझं दुकान बंद होऊन झेरॉक्सचं झालं होतं.

म्हणून ताणाबाणा, टेबलाला शिव्या घालू नकोस आणि मांडणीलाही जुंपू नकोस. साडीचं नाव, सूत, लांबी, किंमत असा तक्ता असेल तर ते टेबलच. फोटोंची मांडणी असेल तर ग्रिड.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
रविवार, संध्याकाळी ५:४५

काकांना +१. ग्रिडला एवढीच ओळ दे: 'ग्रिड-टेम्पलेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(१६रेम, १एफआर))'. अर्थ असा, की प्रत्येक रकाना निदान १६ रेमचा (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचं माप) हवा, बसतील तेवढे बसव आणि उरलेली जागा सारखी वाट. फोनवर एक रकाना, लॅपटॉपवर तीन-चार. स्क्रीनच्या मापाचे वेगळे नियम लिहावे लागत नाहीत.

तुझ्या नावाला शोभेल असं आहे, उभे-आडवे धागे. ताणा म्हणजे कॉलम, बाणा म्हणजे रो.

ताणाबाणा
रविवार, रात्री ८:३०

उद्यमबाग दादा, हे आजोबांना वाचून दाखवलं. वय ८४, डोळ्यांना कमी दिसतं, कान शाबूत. ते म्हणाले, चूक. ताण्या-बाण्यात धागा एकमेकांच्या वरून-खालून जातो, म्हणून कापड होतं. तू सांगतोस त्यात कुणी कुणाच्या वरून जात नाही, नुसत्या चौकटी आहेत. तो नक्षीचा कागद झाला. आम्ही काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचो, भरलेली चौकट म्हणजे तिथं ताण्याचा धागा उचलायचा. त्यावरून जॅकार्डची (नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्राची) भोकं पाडलेली कार्डं बनायची.

खडेबाजार_काका
रविवार, रात्री ८:५२

आजोबांना नमस्कार सांग. जॅकार्डने १८०४ मध्ये तो माग केला आणि त्याचीच भोकांची कार्डं चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी वापरायची ठरवली होती. म्हणजे कॉम्प्युटर तुमच्याच घरातून निघालाय, तू तो परत आणतोयस.

निपाणीकर_७
रविवार, रात्री ९:२०

मूळ विषयाकडे. तीन भाषा एकाच पानावर एकाखाली एक ठेवल्यास काय? मग वर कोण, खाली कोण?

कुंदाप्रेमी
रविवार, रात्री ९:२४

दुकानाच्या बोर्डाला २०२४ पासून ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला. वेबपानाला पण मोजपट्टी घेऊन येतील काय?

बॉर्डरवाला
रविवार, रात्री ९:३१

येऊ देत की! आपण पण

संपादक मंडळ
रविवार, रात्री ९:३३

वरील प्रतिसादाचा पुढील भाग काढला आहे. १९५६ पासूनच्या चर्चेसाठी वेगळे धागे आहेत, तिथे जागा भरपूर आहे. इथे फक्त पिक्सेल.

चिकोडीच्या_बाई
रविवार, रात्री १०:००

भाषेगणिक वेगळं पान कर, म्हणजे वर-खालीचा प्रश्नच नाही आणि लँगही प्रत्येक पानाला नीट लिहिता येतं. वरच्या कोपऱ्यात तीन दुवे, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. ज्याला मराठी येत नाही त्याला 'कन्नड' हा देवनागरी शब्द वाचून काय उपयोग? काही जण भाषेच्या दुव्याला झेंड्याचं चित्र लावतात, ते करू नकोस.

निपाणीकर_७
रविवार, रात्री १०:०४

बेळगावात भाषेला झेंडा लावायचा. शहाणेच आहेत.

ताणाबाणा
रविवार, रात्री १०:२५

मी टेम्पलेटमधलेच झेंडे ठेवले होते. काढले. आताच.

तसं आमच्याकडे भाषेचं भांडण नाही. घरात मराठी, सूत रंगवून देणारे शेजारी कन्नड, आई त्यांच्याशी कन्नडातच भांडते. धारवाड-बागलकोटकडची गिऱ्हाइकं आहेत, कोल्हापूरची आहेत, गोव्याची आहेत.

नवीन अडचण. ग्रिड केलं, सुंदर बसलं. खरं बाबा परत फोन घेऊन आले. "फोटोत काठ कुठं गेला?"

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
रविवार, रात्री ११:५०

'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' असणार. तो चौकट भरायला चित्राच्या कडा छाटतो. बुटाच्या दुकानाला चालतं. साडीच्या कडेलाच तर काठ असतो! 'कंटेन' लिही, म्हणजे चित्र पूर्ण दिसेल. बाजूला मोकळी जागा राहील, तिला साडीला साजेसा फिका रंग दे. अजून बरं म्हणजे सगळे फोटो एकाच मापात, उभे काढ आणि 'आस्पेक्ट-रेशो' (रुंदी-उंचीचं प्रमाण) ३/४ दे. मग छाटाछाटीची वेळच येत नाही. चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंचीचे आकडेही लिही, नाहीतर फोटो येईपर्यंत मजकूर वर बसतो आणि फोटो आला की खाली उडी मारतो. पावसात खानापूरकडे नेटवर्क कसं असतं ते तुला सांगायला नको.

पुणेरी_पाहुणा
सोमवार, सकाळी ९:१५

एकवीस प्रतिसाद झाले आणि उकार अजून बेपत्ताच आहेत. फ्रेमवर्क घेतलं असतं तर एव्हाना दोन साड्या विकल्या गेल्या असत्या.

टिळकवाडीच्या_मावशी
सोमवार, सकाळी १०:४०

मला यातलं काही कळत नाही, मी साड्यांसाठी वाचतेय. ताणाबाणा, तुझ्या प्रोफाइलमधला पानाचा दुवा उघडला. साड्या फार सुरेख आहेत बाळा. पण मथळे वाचताच येत नाहीत. काल भाजी घ्यायला गेले तेव्हा उन्हात बघत होते, पिवळ्यावर पिवळं, नुसती झिलई. किंमत कुठे लिहिलीय तेही सापडेना. खाली साडी धुण्याच्या सूचना मात्र नीट दिसल्या आणि त्यांना १, २, ३ मराठी आकडे आहेत हे आवडलं.

ताणाबाणा
सोमवार, सकाळी ११:०५

मावशी, धन्यवाद. ते आकडे 'लिस्ट-स्टाइल-टाइप: देवनागरी' लिहिलं की आपोआप येतात. कन्नड पानावर 'कन्नड' लिहिलंय, तिथं कन्नड आकडे येतात.

मथळे सोनेरी आहेत, जरीसारखे. फिक्या केशरीतून गडद सोनेरीत जाणारा रंग आहे. फार मेहनत घेतली होती त्यावर.

चिकोडीच्या_बाई
सोमवार, सकाळी ११:३०

मावशींचं बरोबर आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ एवढा फरक हवा, असा वेबचा सुगम्यतेचा नियम आहे. मोफत तपासता येतं, रंगाचे दोन आकडे टाकले की झालं. मलईच्या रंगावर सोनेरी सहसा पास होत नाही. जरी कापडावर चमकते कारण तिच्यावर उजेड पडतो. स्क्रीनवर उजेड आतून येतो, तिथे ती नुसती पिवळी होते.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
सोमवार, दुपारी १२:१०

थांबा थांबा. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारा? अक्षरांच्या आत? ताणाबाणा, तो कसा केलायस ते शब्दशः लिही.

ताणाबाणा
सोमवार, दुपारी १२:१८

'बॅकग्राउंड: लिनिअर-ग्रेडियंट', मग 'बॅकग्राउंड-क्लिप: टेक्स्ट', मग 'कलर: ट्रान्सपरंट'. व्हिडिओत तसंच होतं. टेम्पलेटमध्ये मथळ्याची लाइन-हाइट ०.९ आहे, तिला हात लावला नाही, कारण बॉडीला १.७ दिलीय ना.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
सोमवार, दुपारी १:०५

सापडला चोर. जेवण सोडून लिहितोय.

तुझं अक्षर मुळात पारदर्शक आहे. त्याला स्वतःचा रंग नाही. रंग आहे तो मागच्या डब्याच्या पार्श्वभूमीला, आणि 'क्लिप: टेक्स्ट'ने ती पार्श्वभूमी अक्षराच्या आकारात कापून दाखवलीय. पार्श्वभूमी डब्यापुरतीच असते. डब्याची उंची ठरते लाइन-हाइटवरून. ०.९ म्हणजे डबा अक्षराच्या मापापेक्षाही बुटका. उकार डब्याच्या खाली गेला, वेलांटीचं टोक वर गेलं. तिथे पार्श्वभूमीच नाही, मग रंग कुठून येणार? उकार आहे तिथेच आहे, फक्त रंगाविना. सावलीला मात्र डब्याचं बंधन नाही, ती पूर्ण उमटते. म्हणून सावलीला उकार आणि अक्षराला नाही! ओव्हरफ्लो हिडन होतं तोवर सावलीही कापली जात होती, त्यामुळे मला वाटलं तोच एकटा चोर. दोघे होते.

आणि बॉडीचा १.७ मथळ्याला लागूच झाला नाही. आईबापाकडून वारसा तेव्हाच मिळतो जेव्हा पोराचं स्वतःचं काही नसतं. मथळ्याला स्वतःचा ०.९ होता.

उपाय: मथळ्यालाच लाइन-हाइट १.५ दे आणि 'पॅडिंग-ब्लॉक: ०.२ईएम' दे. पॅडिंगने डबा वर-खाली वाढतो, पार्श्वभूमीही तिथवर जाते. मापाला 'ईएम' (त्याच मथळ्याच्या अक्षराचं माप) वापर, म्हणजे मथळा लहान-मोठा झाला तरी प्रमाण राहील. अंतर जास्त वाटलं तर मार्जिन (डब्याबाहेरची जागा) कमी कर.

खडेबाजार_काका
सोमवार, दुपारी १:२०

वा! भुताचा पत्ता लागला.

चिकोडीच्या_बाई
सोमवार, दुपारी १:४५

बॉडीची चूक मी पण केली असती. आणि ताणाबाणा, ग्रेडियंट ठेवणार असशील तर गडद मरूनमधून गडद तांबूस असा घे, मावशींना उन्हात वाचता यायला हवं.

ताणाबाणा
सोमवार, रात्री ९:१०

दुपारी वीज नव्हती, आत्ता बदल केले. उकार आले! "शुद्ध सुती साड्या" पूर्ण. कन्नडची ओत्तक्षरंही शाबूत. त्या पानाला ':लँग' वापरून खालचं पॅडिंग ०.३ केलंय, ०.२ मध्ये टोक थोडं राहत होतं.

सोनेरी ग्रेडियंट शेवटी काढूनच टाकला. साधा मरून दिला आणि मथळ्याखाली बारीक सोनेरी रेघ, काठासारखी. बाबांनी फोन घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आता किंमत मोठी कर."

टिळकवाडीच्या_मावशी
सोमवार, रात्री ९:३०

ती अंजिरी रंगाची इरकली वळणाची, लाल पदराची, अजून आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

ताणाबाणा
सोमवार, रात्री ९:३२

आहे मावशी. मागावरून कालच उतरलीय.

पुणेरी_पाहुणा
मंगळवार, सकाळी ७:५०

सहज म्हणून माझ्या ऑफिसच्या पानाचा मथळा तपासला. तयार फ्रेमवर्क, तयार ग्रेडियंट. चार वर्षं 'पणे' दिसतंय, 'पुणे' नाही. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ०.२ईएम म्हणालात ना?

कुंदाप्रेमी
मंगळवार, सकाळी ७:५२

पणे तिथे उकार उणे.